गेन्माइ चहा कडू का होतो, आणि तो आपल्या तांदळाचा कसा करावा

पुण्याच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या दिरांनी टोकियोहून ‘गेन्माइचा’ आणला, म्हणजे भाजलेला तांदूळ घातलेला जपानी हिरवा चहा. पाकिटावरचं जपानी वाचता येईना, म्हणून नेहमीच्या ग्रीन टीसारखं उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं झाकून ठेवलं, तर कडू झाला. मग कुठेतरी वाचून 70 अंशांचं पाणी घेतलं, तर पाणचट झाला. एखाद्या दिवशी मात्र तोच चहा सुरेख होतो, आणि का होतो ते कळत नाही. पाकीट संपल्यावर आपल्याकडच्या तांदळाचा घरी करता येईल का, दूध-साखर चालेल का, आणि लोहाच्या गोळ्या चालू असलेल्या सासूबाईंनी तो रात्री जेवणानंतर घ्यावा का, हेही त्यांना हवं आहे.

मी जपानमध्ये शिझुओकात चहाच्या एका पेढीत पानांची आणि तांदळाची मिश्रणं जुळवण्याचं काम करते. आधी कडूपणाचं सांगते. पाणी उकळतंच घ्यायचं, पण वेळ फक्त अर्ध्या मिनिटाचा. तुम्ही पहिल्या वेळी पाणी बरोबर घेतलंत आणि वेळ चुकला. दुसऱ्या वेळी पाणीच थंड पडलं. 70 अंशांचा नियम खोटा नाही, पण तो सेन्चासारख्या कोवळ्या पानाच्या चहाचा आहे. कोवळ्या पानात थिआनिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. गोडसर, भरीव चव त्याची. ते कमी गरम पाण्यातही उतरतं. कडू-तुरट चव देणारी कॅटेचिनं आणि कॅफीन मात्र पाणी जितकं गरम तितकी जास्त उतरतात. म्हणून सेन्चाला पाणी निववून घेतात. गेन्माइ चहात बहुतेक वेळा जून पान असतं, बान्चा. त्यात थिआनिन मुळातच कमी, त्यामुळे पाणी निववून हाती फारसं काही लागत नाही. उलट तांदूळ भाजताना तयार झालेली पायराझिनं, म्हणजे तो खमंग वास, वाफेबरोबर वर येतात आणि त्यांना कडक उष्णता लागते. या चहात तांदूळ हा पाहुणा नाही, तो यजमान आहे. पाण्याची उष्णता त्याच्यासाठी ठरवायची आणि वेळ पानासाठी.

आता कृती. दोन लहान कपांसाठी 250 मिलिलिटर पाणी आणि 8 ग्रॅम चहा. वजनकाटा नसेल तर पोह्याच्या चमच्याने शिगोशीग दोन चमचे. लोकांना हे प्रमाण जास्त वाटतं, कारण टी-बॅगेत जेमतेम दोन ग्रॅम असतात. पण इथे निम्मं वजन तांदळाचं आहे आणि वेळ अगदी कमी आहे. पाणी खळखळून उकळलं की भांडं उतरवून थेट चहावर ओता, जरा उंचावरून. झाकण ठेवा आणि तीस अंक मोजा. भांडं हलवू नका, चमच्याने ढवळू नका. ढवळलं की पानाचा चुरा होऊन तुरटपणा पुढे येतो. मग दोन्ही कपांत थोडं थोडं आळीपाळीने ओता, म्हणजे एक कप फिका आणि दुसरा कडक असं होणार नाही. शेवटचा थेंब पडेपर्यंत भांडं तिरपं धरा, कारण तळाशी चुळकाभर पाणी राहिलं तरी ते पानं पिळत बसतं आणि पुढचा कप कडू होतो. घरोघरी बिघडणाऱ्या चहाचं माझ्या मते हे सगळ्यात मोठं कारण आहे आणि त्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. ओतून झालं की झाकण थोडं सरकवून ठेवा. आत कोंडलेल्या वाफेने ओली पानं शिजायला नकोत.

जपानच्या सरकारी अन्नघटक-तक्त्यात गेन्माइ चहाची मोजणी 15 ग्रॅम चहा, 650 मिलिलिटर पाणी, 90 अंश आणि अर्धं मिनिट अशा प्रमाणावर केलेली आहे. माझं प्रमाण त्याहून थोडं दाट आहे. क्योटोच्या दुकानांत याहूनही दाट करतात.

एखाद्या दिवशी सुरेख आणि एरवी बेताचा, याचं उत्तर बहुधा पाकिटात आहे. तांदूळ जड, पान हलकं. पाकीट हातात घेतलं, ठेवलं, कपाटात सरकवलं की दाणे खाली जातात आणि पानं वर येतात. वरवरचा चमचा घेतला तर कपात जवळपास नुसतं पान पडतं, आणि पाकीट संपत आलं की नुसता तांदूळ. आमच्याकडे पिशव्या भरतानाही हीच काळजी घ्यावी लागते. प्रत्येक वेळी चहा काढण्याआधी डबा बंदच ठेवून आडवा धरा, दोन-चार वेळा हळू फिरवा आणि चमचा तळापर्यंत घालून वर आणा. डबा जोरात हलवू नका, हलवल्याने दाणे आणखी खाली बसतात.

एकदा घातलेल्या चहावर दुसरं पाणी जरूर घ्या. पुन्हा उकळतं पाणी ओता आणि या वेळी दहा-पंधरा सेकंदांत गाळून टाका. पानं भिजून उघडलेली असतात, त्यांना वेळ लागत नाही. दुसऱ्या पाण्यात वास कमी आणि पानाची चव जास्त येते. तिसरं पाणी मिनिटभर ठेवलं तर जेवताना प्यायला साधं, हलकं पेय मिळतं. उन्हाळ्यात थंड हवा असेल तर चहा दुप्पट घाला, उकळत्या पाण्याने नेहमीसारखा करा आणि भरपूर बर्फावर ओता. थंड पाण्यात रात्रभर भिजवण्याची पद्धतही आहे आणि तो चहा अजिबात कडू होत नाही, पण तांदळाचा खमंगपणा त्यात निम्म्यानेही येत नाही. मी गेन्माइसाठी बर्फाचीच पद्धत सांगेन.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण भारतात तिथेच घोळ होतो. जपानचं पाणी बहुतेक ठिकाणी मृदू आहे आणि इथल्या चहाची सगळी घडण त्याच पाण्याला धरून झालेली आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम चहातल्या द्रव्यांशी जुळतं. मग रंग काळवंडतो, वर तवंग येतो आणि चव दबून जाते. पुण्यात धरणाचं नळाचं पाणी येत असेल तर काही अडचण नाही. क्लोरिनचा वास असेल तर झाकण काढून दोन-तीन मिनिटं उकळू द्या. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर मात्र फिल्टरचंच घ्या. आरओचं पाणी या चहाला चालतं. अगदीच सपक वाटलं तर त्यात थोडं साधं नळाचं पाणी मिसळा. महागडं मिनरल वॉटर आणू नका, त्यातली काही जड असतात.

भांड्यासाठी अडून बसू नका. बाजूला दांडी असलेली मातीची चहादाणी, क्यूसु, प्रसिद्ध आहे. आइची प्रांतातलं तोकोनामे आणि मिए प्रांतातलं योक्काइची ही तिची नावाजलेली गावं. पण बान्चा, होजिचा (भाजलेल्या पानाचा चहा), गेन्माइ असले उकळत्या पाण्याचे चहा इथेही बरेचजण मोठ्या, वरून कडीची मूठ असलेल्या दोबिनमध्ये करतात आणि जाड काठाच्या कपात पितात, म्हणजे हात भाजत नाहीत. तुमच्याकडे झाकणाचं स्टीलचं भांडं आणि बारीक गाळणी असेल तर तेवढ्यावर उत्तम होतो. काही नको असेल तर ते साखळीचं जाळीदार गोल अंडं. दाणे फुगून त्यात गच्च होतात, पाणी आत फिरत नाही, आणि मग लोक वेळ वाढवत बसतात.

आता पाकिटात काय असतं ते. पानाच्या बाजूने तीन प्रकार दिसतात. पहिला बान्चाचा, सगळ्यात जुना आणि साधा. पहिल्या खुडणीनंतर वाढलेली जून, मोठी पानं, चहाचा रंग पिवळसर. दुसरा सेन्चाचा, थोडा हिरवट आणि थोडा महाग. तिसरा वरून माच्चाची, म्हणजे बारीक दळलेल्या हिरव्या चहाची, पूड लावलेला. त्यात दाणेही हिरवे दिसतात आणि कपातलं पाणी गढूळ हिरवं होतं. पाहुण्यांना तो आवडतो. मला रोजच्यासाठी बान्चाचाच आवडतो, कारण माच्चाची दाट चव भाजक्या वासावर पांघरूण घालते. तुमच्या पाकिटातले तांदळाचे दाणे हिरवट पूड लागल्यासारखे दिसत असतील तर पाणी मिनिटभर निववून घ्या. पूड थेट पोटात जाते, तिला उतरायला वेळ लागत नाही आणि उकळत्या पाण्यात तिचा कडूपणा टोचतो. जपानी पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. तांदूळ आधी छापला असेल तर तांदूळ जास्त. स्वस्त पाकिटात असं असतं, आणि त्यात वाईट काही नाही, फक्त चमचाभर जास्त घालावा लागतो.

हे पान चीनच्या किंवा भारताच्या बहुतेक हिरव्या चहांपेक्षा वेगळं लागतं, कारण जपानात खुडल्याबरोबर पान वाफवतात, कढईत परतत नाहीत. पान तोडलं की आतले विकर त्याला काळं करायला लागतात, वाफेने ते काही सेकंदांत थांबतात आणि रंग हिरवा राहतो. वाफवून, मळून, वाळवण्याची ही सेन्चाची रीत क्योटोच्या दक्षिणेला उजितावारा गावच्या नागातानी सोएन यांनी 1738 मध्ये बसवली असं मानतात. झाडांत इथे याबुकिता या एकाच वाणाचं राज्य आहे. शिझुओकाचे सुगियामा हिकोसाबुरो यांनी ते 1908 मध्ये निवडलं. त्याच्या वासात समुद्री शेवाळाची छटा असते आणि ती सगळ्यांना आवडत नाही. हिरव्या चहाच्या त्या हिरवट वासाने नाक मुरडणाऱ्यांना गेन्माइ आवडतो, तो भाजलेला तांदूळ ती छटा झाकतो म्हणून.

तांदळाबद्दल एक गैरसमज आहे. पाकिटावर ‘ब्राउन राइस’ वाचून लोक धरून चालतात की आपण कोंड्यासकटचा तांदूळ पितो आहोत आणि त्यातला चोथा पोटात जातो. बाजारातल्या पुष्कळ मिश्रणांत तांदूळ थोडा किंवा पूर्ण सडलेलाच असतो, कित्येकदा चिकट तांदूळ, ज्याचे कुटून मोची नावाचे गोळे करतात तो. सडलेला दाणा एकसारखा भाजतो आणि त्यात तेल कमी असल्याने लवकर खवट होत नाही. आणि कोंडा असला तरी चोथा दाण्यातच राहतो, कपात उतरत नाही. कपभर गेन्माइमध्ये उष्मांकही जवळपास शून्य. वजन उतरवण्यासाठी म्हणून हा चहा घेऊ नका, चवीसाठी घ्या. पांढऱ्या फुललेल्या दाण्यांना इथे फूल म्हणतात. ते दिसायला छान आणि वासाला हलके, पण चवीचा भार तपकिरी दाण्यांवर असतो. फुलांनीच भरलेलं पाकीट घेऊ नये.

इतिहास विचारलेला नाही, तरी दोन ओळी लिहिते, कारण इंटरनेटवर एक गोष्ट फार फिरते. गेन्माइ नावाच्या नोकराच्या बाहीतून तांदूळ सामुराय मालकाच्या चहात सांडला, मालकाने त्याचा शिरच्छेद केला आणि मग त्याच्या आठवणीला चहाला त्याचं नाव दिलं. या गोष्टीला कसलाही आधार नाही. क्योटोच्या चहावाल्यांत सांगितली जाणारी हकीकत साधी आहे आणि मला ती पटते. नववर्षाला देवापुढे ठेवलेल्या कागामिमोचीचे वाळून कडक झालेले तुकडे टाकवेनात, म्हणून एका व्यापाऱ्याने ते फोडून भाजले आणि चहात मिसळले. हा शोवा काळाच्या सुरुवातीचा, म्हणजे गेल्या शतकातल्या विसाच्या-तिसाच्या दशकांचा प्रकार. पुढे मोचीच्या तुकड्यांची जागा तांदळाच्या दाण्यांनी घेतली. त्यामुळे प्राचीन, राजघराण्यातला वगैरे म्हणून कोणी जास्त दराने विकत असेल तर देऊ नका. गेन्माइ हा घरगुती, रोजचा चहा आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न, घरी करण्याचा. करता येतो, आणि महाराष्ट्रात तर फार चांगला करता येतो. जपानच्या कारखान्यांत तांदूळ आधी भिजवतात, मग वाफवतात, वाळवतात आणि शेवटी भाजतात. वाफवल्याने दाण्यातला स्टार्च शिजून एकजीव होतो, त्यामुळे भाजताना दाणा आतपर्यंत कुरकुरीत होतो, काही फुलतात, आणि पाण्यात पिठाळपणा सुटत नाही. या चारपैकी पहिल्या तीन पायऱ्या कोकणात आणि गोव्यात उकडा तांदूळ करताना आधीच झालेल्या असतात. म्हणजे तुम्हाला फक्त भाजायचा आहे. लाल उकड्याने चहाला तांबूस झाक येते आणि चव थोडी भरीव होते. जपानी चवीच्या जवळ जायचं असेल तर पांढरा उकडा घ्या. उकड्याला स्वतःचा एक वास असतो, तो भाजताना बहुतेक निघून जातो.

वाटीभर उकडा झटपट धुऊन निथळा आणि सुती पंचावर सावलीत पूर्ण कोरडा होईपर्यंत पसरा. लोखंडी किंवा जाड बुडाची कढई कोरडीच तापवा, तेल-तूप काही नाही. दाणे एकाच थरात मावतील एवढेच घाला. पहिली काही मिनिटं मध्यम आच, हात सतत चालता. दाणे आधी पांढुरके, अपारदर्शक होतात आणि कढईत टकटक वाजू लागतात. मग रंग चढायला लागतो, एखाददुसरा तडकून फुटतो. इथून आच मंद करा. आता डोळ्यांपेक्षा नाकावर भरवसा ठेवा. भाजणी भाजताना कच्च्या धान्याचा वास जाऊन ज्या क्षणी खमंग वास सुटतो, तसाच तो इथेही सुटतो. पण भाजणीला आपण तिथे थांबतो, गेन्माइच्या तांदळाला तिथून पुढे न्यायचं, दाणा बदामी होऊन तांबूसकडे झुकेपर्यंत. दाणा दाताखाली धरून पाहा. कडक्‌ तुटला आणि मधे पांढरा कच्चा ठिपका नसला तर झालं. हवा असलेल्या रंगाच्या एक छटा आधीच कढई उतरवा आणि दाणे लगेच परातीत ओता, कारण कढईतल्या उष्णतेने ते पुढे भाजत राहतात. सगळं मिळून पाव तासाच्या आसपासचं काम आहे. काळे दाणे निवडून काढा. चार करपलेले दाणे सबंध भांड्याला करपट चव देतात.

उकडा मिळत नसेल तर हातसडीचा तांदूळ रात्रभर भिजवा, निथळून मोदकपात्रात वीसेक मिनिटं वाफवा, आणि दाणा न दाणा सुटा पसरून खडखडीत वाळवा. उन्हात दोन दिवस तरी लागतात. मग वरच्यासारखा भाजा. थेट कच्चा तांदूळ भाजला तरी चहा होतो, पण दाणा बाहेरून रंगतो आणि आतून कच्चा राहतो, वासही उथळ येतो. आंबेमोहर यासाठी वापरू नका. त्याच्या सुगंधातलं मुख्य द्रव्य, 2-अ‍ॅसिटिल-1-पायरोलिन, बासमतीतही असतं, पण ते उडून जाणारं आहे. इतका वेळ भाजल्यावर ज्या वासाचे पैसे मोजले तोच हाती राहत नाही. कुरमुरे घालण्याचा मोहही टाळा. त्यात मीठ असतं आणि ते पाण्यात पडताच मऊ पडतात. फुलांसारखे पांढरे दाणे हवेतच तर साळीच्या लाह्या मूठभर मिसळा, त्या बिनमिठाच्या असतात.

पान कुठलं घ्यावं? वाफवलेलं जपानी सेन्चा किंवा बान्चा मिळालं तर पहिली पसंती त्याला. भारतीय चहांत हिमाचलातल्या कांगड्याचा अख्ख्या पानाचा हिरवा चहा मला या कामाला बरा वाटतो, कारण तिथली झाडं चिनी, लहान पानाच्या जातीची आहेत. आसामी मोठ्या पानाच्या जातीत कॅटेचिनं जास्त असतात, तिचा हिरवा चहा लवकर कडवट होतो. तोच हाताशी असेल तर पान निम्म्यावर आणा. टी-बॅग फोडून निघालेला चुरा नको. प्रमाण वजनाने घ्यायचं, तांदूळ आणि पान समसमान. मापाने घेऊ नका, कारण वाटीभर तांदूळ वाटीभर पानांपेक्षा कितीतरी जड भरतो. आणि दोन्ही एकत्र कधी भाजू नका. आम्हीही पान आणि तांदूळ वेगवेगळे भाजतो आणि मग मिसळतो, कारण तांदळाला लागणाऱ्या आचेवर पान जळून जातं. तांदूळ पूर्ण गार झाल्यावरच डब्यात मिसळा. कोमट दाण्यांनी आत दमटपणा धरला तर पानं दोन दिवसांत वासाला उतरतात.

दुधाबद्दल माझं मत स्पष्ट आहे, घालू नका. दुधातलं प्रथिन चहाच्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं, काळ्या चहाला त्याने गोलाई येते, पण इथे तांदळाचा नाजूक वास दुधाखाली पूर्ण जातो. साखर घातली तर चहा बिघडतो असं नाही, पण तांदळाला स्वतःची मंद गोडी आहे ती मग कळत नाही. सवय मोडत नसेल तर गोड वेगळं खा आणि चहा बिनसाखरेचा प्या. जपानात तांदळाचे खारे सेम्बेइ किंवा सोयासॉसच्या गोडसर पाकातले दांगो, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोळे, बरोबर घेतात. आपल्याकडच्या चकली, शंकरपाळे, भाकरवडी अशा तळणाबरोबर हा चहा उत्तम जातो, जिभेवरचा तेलकटपणा स्वच्छ करतो.

सासूबाईंचं दोन भागांत सांगते. झोपेच्या दृष्टीने गेन्माइ हा हिरव्या चहांत सौम्य आहे. जपानी तक्त्यानुसार 100 मिलिलिटर गेन्माइत कॅफीन साधारण 10 मिलिग्रॅम, सेन्चात 20, काळ्या चहात 30, कॉफीत 60. निम्मा तांदूळ आणि जून पान, म्हणून ते कमी. झोप हलकी असेल तर त्यांना दुसऱ्या पाण्याचा कप द्या, पहिला तुम्ही घ्या. माच्चा लावलेला प्रकार रात्री टाळा.

लोहाचं मात्र गांभीर्याने घ्या. चहातली तुरट द्रव्यं डाळी, पालेभाज्या आणि गोळ्यांतल्या लोहाला बांधून ठेवतात आणि ते अंगी लागू देत नाहीत. गेन्माइमध्ये ती कमी असली तरी असतात. ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी कुठलाही चहा जेवणाला लागून घेऊ नये. जेवणानंतर तासभर तरी जाऊ द्या, आणि गोळी व चहा यांत दोन तासांचं अंतर ठेवा. गोळी रात्री जेवणानंतर असेल तर चहा संध्याकाळी पाचला द्या, आणि गोळीची वेळ बदलायची तर डॉक्टरांना विचारूनच. रात्री काहीतरी गरम हवंच असेल तर नुसता भाजलेला तांदूळ उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवून गाळून द्या. त्यात पान नाही, म्हणून कॅफीन नाही आणि चहाची तुरट द्रव्यंही नाहीत. वास तोच असतो, त्यांना आवडेल.

दुपारी भात उरला असेल तर ओचाझुके, म्हणजे चहा घातलेला भात, करून पाहा. खोलगट वाडग्यात भात, वर उमेबोशी (खारवलेलं आंबट जपानी फळ) किंवा भाजलेल्या माशाचे तुकडे, थोडे तीळ, नोरीचे, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे, कातरलेले तुकडे, आणि भात अर्धा बुडेल इतका गरम गेन्माइ. चहा मुद्दाम जरा दाट करावा आणि मीठ बेताचं, खारवलेल्या जिनसा आधीच खारट असतात. उमेबोशी मिळणार नाही, तर मिठाच्या पाण्यातल्या कैरीची फोड घ्या. मोहरी-हिंगाचं फोडणीचं लोणचं नको, ते चहाला गिळून टाकतं.

शेवटी साठवण. हिरव्या चहाला हवा, उजेड, दमटपणा आणि परका वास हे चारही सोसत नाहीत, आणि मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवलेला चहा आठवड्याभरात गोडा मसाला होतो. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, गॅसपासून दूर ठेवा. फोडलेलं पाकीट महिन्या-दीड महिन्यात संपवा, कोंड्याचा तांदूळ वापरला असेल तर त्याहून लवकर, कारण कोंड्यातलं तेल खवट होतं. न फोडलेलं पाकीट फ्रिजमध्ये चालतं, पण बाहेर काढल्यावर पूर्ण खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय फोडू नका, नाहीतर आत दव धरतं. पावसाळ्यात चहा मऊ पडला, वास मावळला, तर टाकून देऊ नका. लागेल तेवढाच कोरड्या तव्यावर अगदी मंद आचेवर मिनिटभर हलवत गरम करा, वास पुन्हा वर येताच उतरवा आणि लगेच उकळतं पाणी ओता. पान थोडं तपकिरी झालं तरी हरकत नाही. पण खवट, जुन्या तेलासारखा वास येत असेल तर तो तव्यावर जात नाही, तो चहा झाडांना घाला.